काडतुसाचा साचा (डाय) कसा निवडतात? – मोजमाप आणि अचूकतेचा अभ्यासपाठ



१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. त्याआधी २०१० साली कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या होत्या. त्यामुळे नेमबाजी हा शब्द आता आपल्या मुलांच्या तोंडी चांगलाच रुळला आहे. ५० मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हे कळले की मुलांचे डोळे मोठे होतात. मग प्रश्न येतो, "सर, इतकं अचूक कसं लागतं?"

उत्तराचा मोठा भाग खेळाडूच्या सरावात आहे. पण एक भाग काडतुसातही आहे. प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखेच असेल, तरच प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या वाटेने जाईल. हे 'सारखेपण' कसे घडवतात, हा आजच्या पाठाचा विषय आहे. त्यासाठी आपण अमेरिकेत जाणार आहोत. तिथे हजारो हौशी नेमबाज वापरलेली काडतुसे घरच्या टेबलावर पुन्हा भरतात आणि त्यासाठी 'डाय' नावाचा पोलादी साचा वापरतात. कोणता डाय घ्यावा यावर तिथे वर्षानुवर्षे चर्चा चालते. त्या चर्चेत भौतिकशास्त्र आहे, भूमिती आहे, आकडेमोड आहे. आणि आपल्या कामाचा एक धडाही आहे : साधन विकत घेण्याआधी मोजायला शिका.

आधी एक महत्त्वाची सूचना

हा पाठ समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. खरे काडतूस किंवा रिकामी पुंगळीसुद्धा वर्गात आणू नये. शेवटी दिलेले उपक्रम तार, पेन्सिल आणि नट-बोल्टवर होतात.

काडतुसात काय काय असते?

काडतुसाचे चार भाग असतात.

१) पितळेची पुंगळी
२) बुडाशी असलेली ठिणगीची टोपी, म्हणजे प्राइमर
३) आतली दारू
४) तोंडाशी बसवलेली गोळी

गोळी उडते, दारू जळते, टोपी एकदाच चालते. पुंगळी मात्र उरते आणि तीच पुन्हा वापरता येते. पण सगळ्याच काडतुसांची नाही हं! कुसाळे वापरतो त्या .२२ प्रकारात ठिणगीचे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि चाप ओढल्यावर ती कडच चेपली जाते. म्हणून ते काडतूस पुन्हा भरत नाहीत. पुन्हा भरतात ती मोठ्या रायफलची काडतुसे. आपण उदाहरणासाठी .३०८ विंचेस्टर घेऊ. हे १९५२ साली बाजारात आले आणि आजही लांब पल्ल्याच्या नेमबाजीत वापरले जाते.

आता बघा, गोळी झाडल्यावर पुंगळीचे काय होते? .३०८ साठी अमेरिकेत ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. हवेचा दाब १४.७ पौंड. म्हणजे क्षणभर हवेच्या दाबाच्या चार हजार पटीहून जास्त दाब! त्या दाबाने पितळ फुगते आणि रायफलच्या चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब उतरला की पितळ थोडेसे आक्रसते आणि पुंगळी बाहेर काढता येते.

हा स्थितिस्थापकतेचा उत्तम नमुना आहे. पितळ थोडे परत आले, पण पूर्ण परत आले नाही. आता ती पुंगळी त्या एका रायफलच्या चेंबरचा जणू ठसा झाली आहे. तिची मान रुंदावली आहे, खांदा पुढे सरकला आहे. तिच्यात नवी गोळी ठेवली तर ती सैल पडेल. म्हणून पुंगळीला पुन्हा मापात आणावे लागते. हे काम डाय करतो.

डाय म्हणजे काय?

आपल्या घरात मोदकाचा साचा असतो, करंजीचा असतो. आयटीआयमध्ये 'टूल अँड डाय मेकर' हा अभ्यासक्रमही आहे. तत्त्व तेच : मऊ पदार्थ कठीण आकारात दाबायचा, म्हणजे तो आकार घेतो. काडतुसाचा डाय हा पोलादाचा नळकांडीसारखा साचा असतो. त्याच्या बाहेरून आटे असतात. तो एका हातप्रेसमध्ये पिळून बसवतात आणि दांडा ओढला की पुंगळी खालून आत शिरते. पुंगळीला आधी वंगण लावावेच लागते, नाहीतर ती आत अशी अडकते की काढता काढता नाकी नऊ येतात.

मुख्य कामे दोन. एक, पुंगळीला मापात आणणे. दोन, नवी गोळी सरळ बसवणे. म्हणून साध्या संचात दोन डाय असतात.

मापात आणणाऱ्या डायचे मुख्य प्रकार असे :

१) पूर्ण लांबीचा डाय – पुंगळीचे अंग, खांदा आणि मान, तिन्ही दाबतो. अशी पुंगळी पुन्हा विनासायास चेंबरमध्ये जाते.

२) फक्त मानेचा डाय – अंगाला हात लावत नाही. पितळाला त्रास कमी होतो. पण तीच पुंगळी काही वेळा वापरली की ती चेंबरला इतकी गच्च बसते की रायफलचा बोल्ट बंद करायला जोर लागतो. शिवाय ती दुसऱ्या रायफलमध्ये बसेलच असे नाही.

३) बुशिंगचा डाय – यात मान दाबणारी पोलादी कडी बदलता येते. एकेका हजारांश इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या कड्या मिळतात.

आता तुम्ही म्हणाल, मग यातला सर्वात चांगला कोणता? इथेच थांबू या. कारण प्रश्नच थोडा चुकलाय. 'चांगला कोणता' याऐवजी 'माझ्या रायफलला किती दाबायला हवे' हा खरा प्रश्न आहे.

कमीत कमी दाबणारा साचा

कारखान्यात चेंबर कोरताना थोडा फरक चालतो. डाय बनवतानाही चालतो. दोन्ही नियमात बसतात, पण एखाद्याचे चेंबर मोठ्या बाजूचे निघते आणि डाय लहान बाजूचा. मग काय होते? प्रत्येक वेळी पितळ खूप फुगते आणि प्रत्येक वेळी खूप दाबले जाते. तार आपण एकाच जागी वाकवत राहिलो तर ती कडक होऊन तुटते ना, तसेच हे. पितळ कडक होते आणि मानेला चिरा जातात.

मानेचे उदाहरण आकड्यांत पाहू. गोळीचा व्यास ०.३०८ इंच. समजा मानेच्या पितळाची जाडी ०.०१३५ इंच आहे. दोन्ही बाजूंची जाडी मिळवली तर भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास येतो :

०.३०८ + (२ × ०.०१३५) = ०.३३५ इंच

गोळी घट्ट धरण्यासाठी मान याहून एक-दोन हजारांश इंच लहान हवी. म्हणजे साधारण ०.३३३.

समजा झाडलेल्या पुंगळीची मान ०.३४३ झाली आहे. साधा डाय कुठल्याही जाडीच्या पुंगळीला चालावा म्हणून बनवलेला असतो. तो मान आधी, समजा, ०.३२८ पर्यंत दाबतो आणि मग बाहेर येताना आतल्या गोल बोंडाने ती ओढून ०.३३३ करतो. म्हणजे १५ हजारांश दाबले आणि ५ हजारांश फुगवले. एकूण हालचाल २०. बुशिंगची कडी ०.३३३ ची घेतली तर? फक्त १० हजारांश. काम तेच, पितळाचा छळ निम्मा. एवढे दाबायचे तरी एका दमात दाबण्यापेक्षा दोन कड्यांनी दोन टप्प्यांत दाबणे बरे, असे अनुभवी लोक सांगतात.

आणखी एक गोष्ट. ते बोंड मानेतून ओढताना मान किंचित वाकू शकते. मान वाकली की गोळी तिरपी बसते. म्हणून काही जण बोंड काढून टाकतात आणि सरळ दांड्याने मान आतून सारखी करतात.

पण बुशिंग म्हणजे जादू नव्हे बरं का. कडी मानेला बाहेरून गोल करते. पितळ एका बाजूला जाड आणि एका बाजूला पातळ असेल, तर तो फरक आत ढकलला जातो. म्हणजे पुंगळ्याच असमान असतील तर महागड्या डायने दोष फक्त जागा बदलतो.

खांदा किती मागे ढकलायचा? – सुरक्षिततेचा प्रश्न

हा भाग सर्वात महत्त्वाचा. पुंगळीचा खांदा चेंबरच्या खांद्याला टेकतो आणि बूड बोल्टला. यांच्यामधली जागा नेमकी हवी. .३०८ साठी रायफल तपासण्याचे दोन गेज असतात. एक १.६३० इंचाचा, त्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसरा १.६३४ इंचाचा, त्यावर बंद होता कामा नये. फरक फक्त ०.००४ इंच, म्हणजे जेमतेम ०.१ मिलिमीटर!

खांदा जास्त मागे ढकलला गेला तर प्रत्येक झाडणीला पुंगळी लांबीत ताणली जाते. बुडाच्या थोडे वर आतून पितळ पातळ होत जाते. बाहेरून काहीच दिसत नाही, फार तर एक फिकट कडे दिसते. आणि एक दिवस पुंगळी तिथेच फाटते. तो प्रचंड दाबाचा वायू मागे येतो, आणि मागे नेमबाजाचा चेहरा असतो. म्हणून डायची मांडणी हा केवळ गुण मिळवण्याचा प्रश्न नाही.

हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत खांदा एक ते दोन हजारांश इंच मागे ढकलणे पुरेसे मानतात. स्वयंभरण रायफलीत तीन-चार, कारण तिथे काडतूस स्वतःहून आत बसले पाहिजे. आता हे दोन हजारांश डायमध्ये कसे आणायचे? इथे आपल्या गणिताच्या तासाला छान उदाहरण मिळते.

डायचे आटे प्रमाणित असतात : व्यास ७/८ इंच आणि इंचाला १४ आटे. म्हणजे डाय एक पूर्ण फेरा फिरवला की तो १/१४ इंच, म्हणजे सुमारे ०.०७१४ इंच सरकतो. आपल्याला हवेत ०.००२ इंच.

०.००२ × १४ = ०.०२८ फेरा
०.०२८ × ३६० = सुमारे १० अंश

घड्याळाचा मिनिटकाटा दोन मिनिटांत १२ अंश सरकतो. त्याहूनही कमी! 'डाय थोडा खाली घे' असे म्हणून हे जमेल का? नाही. झाडलेली पुंगळी मोजायची, डाय किंचित खाली घ्यायचा, पुन्हा मोजायची. हवे ते माप आले की डायची कडी घट्ट करायची. डायच्या पेटीसोबत येणारी 'तळाला टेकेपर्यंत पिळा आणि आणखी थोडे पिळा' अशा धाटणीची सूचना सगळ्यांसाठी असते. तुमच्या एका रायफलसाठी ती बरोबर असेलच असे नाही.

गोळी बसवणारा डाय

इथे पाहायचे ते सरळपण. चांगल्या डायमध्ये एक सरकती नळी असते. ती गोळी आत शिरण्याआधीच पुंगळी आणि गोळी दोघांना एका रेषेत धरते. फॉर्स्टर आणि रेडिंग या अमेरिकन कंपन्यांचे असे डाय प्रसिद्ध आहेत. गोळी ढकलणारा दांडा गोळीच्या टोकावर नव्हे, तर खालच्या गोलाईवर टेकला पाहिजे, कारण टोकांची लांबी गोळीगणिक थोडी बदलते.

काही डायवर मायक्रोमीटर असतो आणि किंमत वाढते. तो घ्यावा का? वेगवेगळ्या गोळ्या वापरणाऱ्याला त्याच मापावर परत येणे सोपे जाते. पण एकच गोळी, एकच माप असेल तर साधा डाय एकदा नीट लावून ठेवला तरी काम होते. मायक्रोमीटर माप दाखवतो, काडतूस सरळ करत नाही.

सरळपणा तपासायला भरलेले काडतूस दोन आधारांवर फिरवतात आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहतात. काटा तीन हजारांश इंचाच्या आत हलला तर बहुतेक जण समाधानी असतात. मुलांना इथे एक प्रश्न जरूर विचारा : काटा ०.००४ हलला तर गोळी मध्यापासून किती सरकली आहे? उत्तर ०.००२. कारण काटा एकदा त्या बाजूचा आणि एकदा या बाजूचा फरक दाखवतो.

मग निवड कशी करायची?

अमेरिकेतला जाणता नेमबाज साधारण या क्रमाने विचार करतो :

१) रायफल एक की अनेक? अनेक असतील तर पूर्ण लांबीचा डाय.
२) बोल्ट हाताचा की स्वयंभरण? स्वयंभरण असेल तर पूर्ण लांबीचाच.
३) झाडलेल्या पुंगळीची मापे काय? ही नसतील तर खरेदी पुढे ढकलावी.
४) पुंगळ्या एकाच बनावटीच्या, सारख्या जाडीच्या आहेत का? असतील तरच बुशिंगचा खरा उपयोग.
५) पैसे कमी असतील तर साधा पूर्ण लांबीचा डाय आणि चांगले मोजमापाचे साधन. महाग डाय आणि मोजायला काहीच नाही, हा सौदा तोट्याचा.

पूर्वी 'अचूकता हवी तर फक्त मान दाबा' असे अनेक जण मानत. आज अनेक स्पर्धक पूर्ण लांबीचाच डाय वापरतात, पण अगदी थोडे दाबेल असा लावून. काही कारागीर तर ग्राहकाच्या झाडलेल्या पुंगळ्या मागवून त्याच्याच चेंबरला शोभेल असा डाय बनवून देतात.

निष्कर्ष काढताना घाई नको

समजा दोन डायची तुलना करायची आहे. एकाने भरलेल्या तीन गोळ्या जवळ लागल्या, दुसऱ्याच्या तीन लांब. पहिला डाय चांगला? तीन गोळ्यांवरून हे ठरत नाही. योगायोगानेही तसे होऊ शकते. बेंचरेस्ट नावाच्या खेळात रायफल टेबलावर टेकवून पाच-पाच गोळ्यांचे अनेक गट झाडतात आणि त्यांची सरासरी काढतात. आपणही एका चाचणीवरून मुलाला हुशार किंवा ढ ठरवू नये, असे म्हणतो. कारण तेच आहे.

इथे दोन शब्द मुलांना वेगळे करून सांगा. गोळ्या एकमेकींजवळ लागणे म्हणजे सातत्य. त्या लक्ष्याच्या मध्यावर लागणे म्हणजे अचूकता. डाय सातत्य वाढवायला मदत करतो. मध्यावर आणायचे काम दुर्बीण किंवा माशी जुळवून होते. सातत्य असेल तर मध्यावर आणणे सोपे असते. सातत्यच नसेल तर काय जुळवणार?

वर्गात घेता येतील असे तीन उपक्रम

उपक्रम १ – तार आणि पेन्सिल : पेन्सिलीवर तांब्याची तार घट्ट गुंडाळा आणि सोडा. वेटोळे पेन्सिलीपेक्षा किंचित मोठे होते. धातू थोडा परत येतो, हे मुले डोळ्यांनी पाहतात.

उपक्रम २ – नट-बोल्ट : एक सेंटिमीटरमध्ये किती आटे आहेत ते मोजा. एका फेऱ्यात नट किती सरकेल? ०.१ मिलिमीटर सरकवायला किती अंश फिरवावे लागेल? आधी अंदाज, मग गणित.

उपक्रम ३ – लोळणारी पेन्सिल : दोन-तीन गोल पेन्सिली किंवा रिफिली टेबलावर लोळवा. कोणती डुगडुगते? सरळपणा फिरवून तपासता येतो, हे इथे कळते.

पालकांसाठी दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी नेमबाजीला जात असेल तर महागड्या साहित्याची यादी लवकरच घरी येते. "अमक्याकडे हे आहे, मलाही हवं." तेव्हा रागावू नका आणि लगेच पाकीटही काढू नका. एवढेच विचारा, "तुझं आताचं माप काय आहे? कुठे कमी पडतंय? हे घेतल्यावर ते किती सुधारेल, आणि ते आपण कसं मोजणार?" वहीत आठ-दहा सत्रांचे गुण लिहिलेले असतील तर उत्तर त्या वहीतच सापडते. हाच प्रश्न नव्या क्लासला, नव्या ॲपला आणि नव्या गाईडलाही लागू आहे.

आणि शिक्षक मित्रहो, 'साचेबद्ध शिक्षण' हा शब्द आपण नेहमी नाके मुरडत वापरतो. पण साचा वाईट नसतो. सगळ्यांना एकाच मापात, गरजेपेक्षा जास्त दाबणारी मांडणी वाईट असते. आधी समोरच्याचे माप घ्यावे, मग लागेल तेवढेच दाबावे. पितळही त्यामुळे जास्त दिवस टिकते.